लाल टोपी, निळी टोपी

पोर्त-दोब गावात रेआल हाशेच्या तोंडी लागायची कुणाची छाती नव्हती. हिवाळाभर तो नगरपालिकेचा बर्फ हटवायचा ट्रक चालवायचा, आणि कुणी गाडी रस्त्यात आडवी लावलेली दिसली की खिडकीची काच खाली करून त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचा. पुलाजवळच्या हॉटेलात तो कॉफी प्यायला बसला की पार कोपऱ्यातल्या माणसालाही त्याचं बोलणं ऐकावं लागायचं. कॉफीत साखर नाही, काकवी घालून घ्यायचा, आणि साखर घालणाऱ्यांना पोटाचे काय काय विकार होतात तेही सांगायचा. तोंडात तीळ भिजणार नाही असा हा माणूस. त्यामुळे दर शनिवारी सकाळी रिंकवर, म्हणजे बर्फावरच्या हॉकीच्या मैदानावर, जे अस्वल यायचं, लहान पोरांचे हात धरून बर्फावर फिरायचं आणि तोंडातून चकार शब्द काढायचं नाही, त्या अस्वलाच्या आत रेआल असेल असं कुणाच्या स्वप्नातही आलं नाही.

हे सोंगातलं अस्वल लाल हॉकी संघाचं. नदी समुद्राला मिळते तिथे दोन गावं, मध्ये पूल. अलीकडचं पोर्त-दोब अस्वलांचं, रंग लाल. पलीकडचं सेंट-मोनिक लांडग्यांचं, रंग निळा. दोन्हीकडे फ्रेंच बोली एकच, आडनावं एकच, चर्चमधली गाणीही एकच. पुलाच्या कुठल्या टोकाला जन्म झाला त्यावरून आयुष्यभर कुणाला शिव्या द्यायच्या तेवढं ठरायचं.

पूर्वी दोन्ही गावांत पोरं उदंड होती, तेव्हा कुणी त्यांच्या मागे लागत नव्हतं. पण कागदाची गिरणी अर्धी बंद पडली, जवान माणसं बायकापोरांसकट पश्चिमेला तेलाच्या कामावर गेली, शाळेत दोन वर्ग एका खोलीत बसायला लागले. रिंकच्या बाकांवर म्हातारी मंडळी उरली आणि तीही दर हिवाळ्यात थोडी थोडी कमी व्हायची. मग दोन्ही संघांचे डोळे उघडले. लांडग्यांनी पुस्तक वाचून दाखवणाऱ्या पोराला फुकट तिकीट द्यायला सुरुवात केली, तर अस्वलांनी रिंकवर पॅनकेकची न्याहारी घातली. अस्वलांनी बर्फ गुळगुळीत करायच्या गाडीवरून फेरी मारायला दिली, तर लांडग्यांचे खेळाडू वाढदिवसाला पोरांच्या घरी जायला लागले. गावाच्या सीमेवरच्या एका बाईच्या जुळ्यांना दोन्हीकडून केक आले. तिनं दोन्ही ठेवून घेतले आणि कुणालाच शब्द दिला नाही. सबंध नदीकाठावर तेवढी एकच शहाणी.

या सगळ्या लाडीगोडीचा निकाल लागायचा तो टोपीच्या दिवशी. जानेवारीत दोन संघांचा पहिला सामना व्हायचा. सामना तीन पाळ्यांचा, त्यातली दुसरी संपली की दोन्ही गावांतली सात वर्षांची पोरं एकेक करून बर्फावर सोडायची. एका बाजूला अस्वल उभं, त्याच्या पायाशी लाल लोकरीच्या टोप्यांची टोपली. दुसऱ्या बाजूला लांडगा, निळ्या टोप्यांची टोपली. पोरानं मनाला येईल तिकडे जायचं, टोपी घालायची, आणि मग मरेपर्यंत त्याच बाजूच्या बाकावर बसायचं. टोपी बदललेला माणूस कुणी पाहिलेला नव्हता. लग्न मोडून दुसरं केलेले होते, देवावरचा विश्वास उडालेले होते, पण टोपी बदललेला नाही.

फार वर्षांपूर्वी एका लांडग्यानं पंजात टॉफी लपवून आणली होती आणि एका अस्वलानं पोराला नावानं हाक मारली होती. त्यावरून दोन पोरांचे काका बाकांवरून बर्फावर उतरले आणि बरेच दात पडले. तेव्हापासून नियम झाला. टोपी निवडताना अस्वलानं आणि लांडग्यानं पुतळ्यासारखं उभं राहायचं, पंजा पुढे करायचा नाही. आणि बोलायचं तर कधीच नाही, त्या दिवशी नाही आणि एरवीही नाही. आत कोण आहे हे क्लबच्या दोघातिघांनाच माहीत असायचं. बोलणाऱ्यानं कातडं त्याच दिवशी परत करायचं. बोललं की अस्वल मेलं, असं क्लबातले जुने लोक म्हणायचे.

आता बडबड्या रेआलनं हे मुकं सोंग का घेतलं, ते सांगायला हवं.

रेआलची एकुलती एक मुलगी मिरेल. तिला हाताला धरून बर्फावर चालायला त्यानंच शिकवलं, लाल टोपी तिनं त्याच्या देखत घेतली, आणि मोठी होऊन लग्न केलं ते लांडग्यांच्या गोलकीपरशी, जेर्मां दुगेशी. रेआलच्या नाकाला मिरच्या झोंबल्या, पण लग्नात तो नाचला. गोलकीपर असला तरी माणूस आहे, असं त्यानं चारचौघांत बोलूनही दाखवलं. बिघडलं ते पुढे, नात झाल्यावर. कोराली काही आठवड्यांची असताना मिरेलचा जरा डोळा लागला होता. रेआल म्हणाला, पोरीला जरा फिरवून आणतो. तो तिला घेऊन पूल ओलांडून थेट रिंकवर गेला. तिच्या डोक्यावर लाल टोपी चढवली आणि फोटो काढून घेतला. पुढच्या सामन्यात तो फोटो रिंकच्या मोठ्या फळ्यावर झळकला, खाली लिहिलेलं, ‘दुगेच्या घरात अस्वल जन्मलं.’ जेर्मां तेव्हा गोलमध्ये उभा होता. सगळी रिंक त्याच्याकडे बोट दाखवून हसली, आणि नंतर त्यानं असे गोल खाल्ले की निळ्या बाकांवरच्या लोकांनी तोंडं फिरवली.

सामना संपल्यावर मिरेल बापाच्या दारात आली. आत आली नाही. तिनं आवाजही चढवला नाही, ते जास्त वाईट होतं.

“पापा, तू नातीला बघायला आलाच नव्हतास,” ती म्हणाली. “तू एक टोपी वाढवायला आला होतास.”

रेआलला उत्तर सुचलं नाही. सुचायला हवं होतं, माफी मागायला फार शब्द लागत नाहीत. पण याच्याकडे शिव्या पोत्यानं होत्या आणि तेवढे दोन शब्द नव्हते. नंतर नंतर दिवस जातील तसं ते आणखी जड होत गेलं. त्याची बायको ओदेत दर गुरुवारी पूल ओलांडून नातीला भेटायला जायची. रेआल तिला गाडीनं सोडायचा आणि वळणावर थांबायचा. लेकीच्या घराचं छप्पर तिथून दिसायचं.

कोराली पाच वर्षांची झाली तेव्हा ओदेतनं येऊन सांगितलं की पोरीचं नाव शनिवारच्या स्केटिंगच्या वर्गात घातलंय. टोपी घेण्याआधी दोन्ही गावांच्या पोरांचा वर्ग एकत्र, पोर्त-दोबच्या रिंकवर चालायचा. त्याच सुमाराला जुन्या अस्वलाचे गुडघे गेले होते. रेआल क्लबचा अध्यक्ष आल्देओ कोर्मिएकडे गेला आणि म्हणाला, कातडं मला दे. आल्देओ इतका हसला की त्याला खोकला आला. रेआलनं त्याला हसू दिलं, त्यातच आल्देओला कळलं की माणूस गंभीर आहे.

मग सुरू झाले ते शनिवार. कोरालीला स्केट्सवर तोल सांभाळता यायचा नाही. ती अस्वलाचा डावा पंजा दोन्ही हातांनी धरायची आणि दोघं कडेकडेनं फिरायची. निघण्याआधी डावा पाय दोनदा बर्फावर घासायची रेआलची जन्माची सवय. पोरगीही तसंच करायला लागली. आणि अस्वल बोलत नाही म्हटल्यावर सगळं बोलणं तिच्याच वाट्याला आलं. दात पडल्याचं सांगायची, मांजर हरवल्याचं, मांजर सापडल्याचं. एकदा म्हणाली, “माझे एक पेपे आहेत. पण ते सारखे कामात असतात, असं मेमे सांगते.” मेमे म्हणजे आजी, पेपे म्हणजे आजोबा. तो आजोबा त्या क्षणी तिचा हात धरून होता आणि त्याला हुं सुद्धा म्हणता येत नव्हतं. अस्वलाच्या डोक्यात आधीच उकडायचं. त्यात डोळ्यांत पाणी आलं की पुसता येत नाही, ते मिशीवर येऊन थांबतं.

मिरेल वरच्या बाकावर एकटी बसलेली असायची. तिला काही कळलं नाही असं रेआल धरून चालला होता. एका फार थंडीच्या सकाळी तिनं कठड्यावर कागदी पेला ठेवला, त्यात नळी घातली आणि अस्वलाकडे न बघता निघून गेली. रेआलनं मुखवट्याच्या तोंडातून नळी ओढली. कॉफी होती, काकवी घातलेली. तो गडबडला, पण मग त्यानं मनाची समजूत घातली की रिंकच्या उपाहारगृहात हल्ली सगळ्यांनाच तशी देत असतील. ज्याला सत्य झेपत नाही त्याला कारणं पुरवायला मन नेहमी तयार असतं.

असे दोन हिवाळे गेले. ओदेत त्याचे ओले पंजे शेगडीवर वाळत घालताना विचारायची, “मिरेलला सांगून टाकू का?”

“सांगितलंस की ती पोरीला आणायची बंद करेल,” रेआल म्हणायचा.

“आणि यंदा टोपी घेतल्यावर?”

यावर तो शेगडीत आणखी एक लाकूड सारायचा. टोपी घेतली की पोरं आपापल्या संघाच्या वर्गाला जातात. निळ्या टोपीवाल्यांचा वर्ग पुलापलीकडे. शिवाय निळ्या टोपीनं अस्वलाजवळ जायचं नसतं, अस्वल दिसलं की लांबून कोल्हेकुई करायची असते, ही रीतच होती. कोरालीनं लाल टोपी घेतली तर शनिवार चालू राहणार, निळी घेतली तर संपले. बापाच्या गोलकीपर असण्याचा, शाळेचा, मैत्रिणींचा सगळा ओढा निळ्याकडे होता. लालकडे ओढणारं एकच होतं, अस्वलाचा पंजा.

हे आल्देओलाही कळलं होतं. तो शनिवारी काचेपलीकडे उभा राहून बघायचा. नाताळ झाल्यावर त्यानं रेआलला ऑफिसात बोलावलं, दार लावलं आणि वाईनचा पेला पुढे केला. त्याचं म्हणणं असं की यंदा टोपीला मोजकीच पोरं आहेत, आणि लांडग्यांच्या गोलकीपरच्या पोरीनं लाल टोपी घेतली तर पुढची पाच वर्षं नदीकाठावर दुसरा विषय निघणार नाही. तिच्या वर्गातली पोरं तिच्यामागे येतील. आणि पोरगी तर अस्वलावर जीव टाकते.

“नियम मला माहीत आहे,” आल्देओ म्हणाला. “पण पंजा केवढा मोठा आहे. जरासा उचलला तर कुणाला दिसतो? तिला दिसेल तेवढं पुरे.”

“आणि ती आली तर?”

“आली तर नात कायमची आपल्याकडे. तुला आणखी काय पाहिजे, रेआल?”

आल्देओ वाईट माणूस नव्हता. त्याला फक्त बाक भरलेले बघायचे होते. पण त्यानं नेमकं तिथेच बोट घातलं जिथे दुखत होतं. रेआल पेला तसाच ठेवून बाहेर पडला आणि दुसऱ्या दिवशी ट्रकच्या खिडकीतून कुणालाच शिव्या दिल्या नाहीत. लोकांना वाटलं, आजारी आहे.

तो आठवडा त्यानं कसा काढला ते ओदेतला माहीत. तो जेवायचा नाही, गॅरेजमध्ये आरशापुढे अस्वलाचा पंजा घालून उभा राहायचा. पंजा जरासा उचलायचा. खरंच फारसा दिसायचा नाही. शेवटी ओदेत दारात येऊन उभी राहिली.

“कशाची तालीम चाललीय?” तिनं विचारलं.

त्यानं आल्देओचं सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, “मागच्या वेळी तू मला न विचारता गेला होतास. या वेळी आधी सांगितलंस, एवढं तरी बरं.” काय कर ते मात्र तिनं सांगितलं नाही.

टोपीच्या दिवशी रिंक गच्च भरली होती. दोन्ही संघांचे बरोबरीचे गोल झालेले, त्यामुळे लोक आधीच दात ओठ खाऊन बसलेले. दुसरी पाळी संपली, गाडीनं बर्फ गुळगुळीत केला, दिव्यांचा झोत मधोमध आला. रेआल आपल्या बाजूच्या रेघेवर उभा राहिला, पायाशी टोपली. समोर लांडगा, आत कुणीतरी कॉलेजातला उंच पोरगा असावा. निळ्या संघाचे खेळाडू आपल्या बाकावर बसून होते आणि त्यांत जेर्मां दुगे मुखवटा वर सारून बघत होता. रेआलच्या मागे, काचेला नाक लावून, आल्देओ.

एकेक नाव पुकारलं जाऊ लागलं. पोरं घसरत, पडत, उठत यायची. एक पोरगा अर्ध्या वाटेत रडायला लागला आणि जवळ होता म्हणून लांडग्याकडे गेला. दोघी चुलत बहिणी हातात हात घालून लालकडे आल्या. लाल आणि निळे जवळजवळ सारखेच चालले होते.

“कोराली दुगे.”

 निळ्या बाकांना खात्री होती, तरी धाकधूक होती. लाल बाकांनी तो जुना फोटो विसरलेला नव्हता. कोरालीनं दाराशी उभं राहून डावा पाय दोनदा बर्फावर घासला आणि निघाली. कुणाचा हात धरलेला नव्हता, तरी पडली नाही. रेआलला तिथेच भरून आलं. हे त्यानं शिकवलं होतं.

ती मधोमध आली आणि थांबली. आधी लांडग्याकडे पाहिलं, मग अस्वलाकडे. आणि मग तिनं आपला हात थोडासा पुढे केला, दर शनिवारी करायची तसा. ती पंजाची वाट बघत होती.

“उचल,” काचेच्या फटीतून आल्देओचा आवाज आला. “रेआल, उचल.”

रेआलचा डावा हात खरंच उचलला जायला लागला होता. हात त्याला विचारून थोडाच हलतो. आत घामानं सगळं धुरकट झालेलं, आणि त्या धुरकटात त्याला सात वर्षांपूर्वीची दारातली मिरेल दिसली. हीच गोष्ट. तेव्हा पोरगी बोलू शकत नव्हती म्हणून तिच्या डोक्यावर टोपी चढवली. आता बोलू शकते तर तिच्या मायेला दोरी बांधून ओढायची. टोपीच वाढवायची, आज शनिवारांसाठी आणि तेव्हा मिरवण्यासाठी, एवढाच काय तो फरक. शनिवार गेले तर गेले, असं त्यानं स्वतःला बजावलं.

त्यानं दोन्ही पंजे पाठीमागे नेले आणि एकात एक घट्ट अडकवले.

कोरालीचा चेहरा पडला. तिला काय वाटलं असेल ते त्याला स्वच्छ दिसलं. अस्वलाला मी नको आहे. त्याला ओरडून सांगावंसं वाटलं की तसं नाही, पण ओठ दाबून तो उभा राहिला. ती अजून क्षणभर थांबली. मग वळली, लांडग्याकडे गेली आणि टोपलीतली निळी टोपी तिनं स्वतःच्या हातानं डोक्यावर घातली. निळ्या बाकांवर आभाळ कोसळावं तसा आवाज झाला. वरच्या बाकावर मिरेल उभी होती. ती टाळ्या वाजवत नव्हती. ती अस्वलाच्या पाठीमागच्या पंजांकडे बघत होती.

आल्देओनं काचेवर मूठ आपटली आणि निघून गेला. तिसरी पाळी कशी झाली, कोण जिंकलं, ते रेआलला नंतर लोकांनी सांगितलं. त्याला लाल बाकांपुढे नाचायचं होतं, तेवढं तो नाचला. सोंग घेतलं की निभवावं लागतं.

सामना संपल्यावर पोरांना थोडा वेळ बर्फावर सोडतात. लाल टोप्या अस्वलाभोवती गोळा झाल्या, कुणी त्याच्या पोटावर गुद्दे मारत होतं, कुणी शेपूट ओढत होतं. पलीकडून निळ्या टोप्यांची कोल्हेकुई सुरू झाली. रेआल मुखवट्याच्या आत मान खाली घालून उभा होता, म्हणून मधली लाल रेघ ओलांडून एक निळी टोपी एकटी येतेय हे त्याला उशिरा दिसलं. कोल्हेकुई एकेक करून थांबली. लाल टोप्यांनीही वाट करून दिली, कारण असं काही झालं तर काय करायचं हे कुणी शिकवलेलंच नव्हतं.

कोराली त्याच्यापुढे येऊन थांबली. डोळे रडून लाल झालेले.

“तू हात मागे का घेतलास, ते मी आईला विचारलं,” ती म्हणाली. “तर आईच रडायला लागली. मग म्हणाली, त्याच्याकडे जायला टोपी लागत नाही, ते आपल्या घरचंच आहे. आणि म्हणाली की रविवारी जेवायला बोलाव. येशील?”

रेआलनं वर पाहिलं. मिरेल कठड्याशी उतरून आली होती. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, आनंदही नव्हता. ती उत्तराची वाट बघत होती.

अस्वलाची मान हलत नाही. होकार द्यायचा तर कमरेतून वाकावं लागतं, आणि तसं ते सगळ्यांनाच वाकून दाखवतं. रेआल वाकला. कोरालीनं मान हलवली.

“हे नाही. हे तू सगळ्यांना करतोस. खरं सांग.”

रिंकवर इतकी माणसं होती. मागे क्लबचे जुने लोक होते, परत यायला निघालेला आल्देओ होता, चिकटून उभ्या असलेल्या लाल टोप्या होत्या. सात वर्षांपूर्वी दारात न सुचलेलं उत्तर रेआलच्या घशाशी आलं, आणि या खेपेला त्यानं ते गिळलं नाही.

“येईन,” अस्वल म्हणालं.

 मग शेपूट धरून उभा असलेला एक पोरगा हळूच म्हणाला, “अस्वल बोललं.” आणि दुसरा म्हणाला, “हा तर बर्फवाल्या हाशेचा आवाज.”

कातडं त्यानं त्याच संध्याकाळी क्लबात नेऊन दिलं. आल्देओनं ते हातात घेतलं, आणि नियम काय आहे ते रेआलला ऐकवण्याची त्याला गरज पडली नाही. एवढंच म्हणाला की इतक्या वर्षांत क्लबला इतकं गुणी अस्वल मिळालं नव्हतं. रेआलनं त्यावर एखादी शिवी हासडायला हवी होती. तो नुसता मान डोलावून निघाला.

रविवारी वारा नदीवरून असा येत होता की श्वास घेताना दात दुखावेत. ओदेत पुढे गेली होती. रेआल वळणावर गाडी लावून पायी निघाला, दारापर्यंत गेला, परत फिरला, पुन्हा गेला. दार जेर्मांनं उघडलं. दार अडवून त्यानं सासऱ्याला खालून वर न्याहाळलं.

“त्या दिवशी मी किती गोल खाल्ले होते, आठवतं?” त्यानं विचारलं.

“सात,” रेआल म्हणाला. “जेर्मां, मी चुकलो.”

“आठ,” जेर्मां म्हणाला, आणि बाजूला होऊन त्यानं रेआलचा कोट काढून घेतला.

आतून कोंबडीच्या फ्रिकोचा, म्हणजे बटाटे घातलेल्या रश्श्याचा, वास येत होता. कोराली धावत आली, पाहुण्याकडे एक नजर टाकली आणि त्याच्या मागे अंगणात डोकावून बघायला लागली. अंगणात नुसता बर्फ होता.

“अस्वल कुठंय?” तिनं विचारलं.

 मिरेल स्वयंपाकघराच्या दारात ओल्या हातांनी उभी होती, तिनं मदत केली नाही. आणि ज्याच्या तोंडाला गाव घाबरायचं, त्या रेआलला एका सात वर्षांच्या पोरीपुढे शब्द सापडेनात. पोरगी त्याच्या पातळ पांढऱ्या केसांकडे, मिशीकडे अनोळखी नजरेनं बघत होती. मीच तो, असं सांगितलं आणि तिला पटलं नाही तर काय करायचं, ही भीती टोपीच्या दिवशीच्या भीतीपेक्षा मोठी होती.

त्यानं डावा पाय पायपुसण्यावर दोनदा घासला.

कोरालीनं खाली पायाकडे पाहिलं, मग वर त्याच्याकडे. त्याचा डावा हात तिनं दोन्ही हातांत घेतला आणि उलटसुलट करून तपासला.

“किती लहान आहे तुझा पंजा,” ती म्हणाली, पण सोडला नाही.

तेव्हा कुठे मिरेल पुढे आली. बापाचे कान थंडीनं लालबुंद झाले होते. हिवाळ्यात लाल टोपीशिवाय रेआल हाशेला तिनं जन्मात पाहिलेलं नव्हतं.

“एवढ्या गारठ्यात उघड्या डोक्यानं आलास?” ती म्हणाली. “टोपी कुठंय तुझी?”

“घरी ठेवली,” रेआल म्हणाला.

मिरेलनं ॲप्रनला हात पुसले आणि आपले गरम तळवे त्याच्या दोन्ही कानांवर दाबून धरले. लहानपणी रिंकवरून घरी येताना तो तिच्या कानांवर असेच धरायचा. मग ती म्हणाली, फ्रिको निवतंय, चला.